मुलाच्या खिशातला गुडघा: एका गुडघेबदलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर गोव्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा किंवा खुबा बदलून घेणाऱ्या रुग्णांना आम्ही एक मोबाइल ॲप देतो. ऑपरेशनच्या आधी त्यात साखर, वजन, व्यायाम यांची नोंद होते आणि कुठली गोळी कधी बंद करायची याची आठवण येते. घरी गेल्यावर रोज पाच प्रश्न, जखमेचा फोटो, व्यायामाचे व्हिडिओ, पावलांची मोजणी, आणि फोन नडगीला बांधून गुडघा किती वाकतो त्याचं माप. रुग्णाने भरलेलं आमच्या पडद्यावर हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात उमटतं. दुखणं सात किंवा त्याहून जास्त, ताप १००.४ किंवा त्याच्या वर, जखमेतून पाणी येतंय असं उत्तर आलं की लाल. लाल दिसला की फोन करायचा.

हे प्रकरण एका हिरव्या रुग्णाचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, घडलेलं मात्र तसंच ठेवलं आहे.

त्यांना इथे बाई म्हणते, कारण अख्खा गाव तसंच म्हणतो. वय ६८. गाव सत्तरी तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याशी. १९६१ च्या मुक्तीनंतर गावोगाव ज्या मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतल्या एकीत शिकल्या आणि पुढे जन्मभर तशाच शाळांत शिकवलं. घरात बोलणं कोंकणी, वाचन-लेखन मराठी; या वयाच्या कितीतरी गोवेकरांचं असंच असतं. घरी मुलगा, सून आणि दहावीतली नात. मुलगा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. साखळी या गावातून कंपनीची बस पकडतो, पहाटे निघतो तो रात्री परततो.

बाईंचा उजवा गुडघा दहा-बारा वर्षं दुखत होता. एक्स-रेत आतल्या बाजूला हाडाला हाड लागलेलं, पाय बाहेर धनुष्यासारखा वाकलेला. वजन ७४ किलो, मधुमेह १४ वर्षांचा. वसरीवरून अंगणात उतरायच्या तीन पायऱ्या त्या कठड्याला धरून आडव्या उतरत. ऑक्सफर्ड नी स्कोअर ही १९९८ सालची बारा प्रश्नांची प्रश्नावली आम्ही सगळ्यांना देतो. एकूण गुण ४८, जितके जास्त तितका गुडघा बरा. बाईंना १५ मिळाले. "नापास," म्हणाल्या आणि कागद परत दिला.

त्यांची अट एकच होती. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, चालती झाले पाहिजे. माटोळीला (गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला) कुठलं फळ कुठे बांधायचं ते आजवर त्यांनीच सांगितलेलं, आणि आदल्या वर्षी ते काम पलंगावरून ओरडून करावं लागलं होतं.

ऑपरेशनच्या आधी

तारीख मार्चअखेरची ठरत होती. फेब्रुवारीत एचबीए१सी आलं ८.६, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची साखर चढीच. आमचे सर्जन ७.५ च्या वर गुडघ्याला हात लावत नाहीत. काही सर्जन ८ पर्यंत जातात. कारण जंतुसंसर्गाचं. साध्या जखमेत जंतू गेले तर औषधाने बरे होतात, कृत्रिम सांध्यावर बसले तर कधीकधी अख्खा सांधाच काढावा लागतो. भरती करून इन्सुलिनवर तेवढे दिवस साखर दाबून ठेवता आली असती. मुलाला तेच हवं होतं, कारण पुढे ढकललं की पावसाळा, आणि पावसाळ्यात सत्तरीतला रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. शेवटी बाईंनीच ठरवलं की थांबायचं.

त्या तीन महिन्यांत ॲपने चांगलं काम केलं, हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणी तंत्रज्ञानाच्या नावाने बोटं मोडेल. बाई रोजची साखर वहीत लिहीत: तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, शेरा. ("शेरा" या रकान्यात "बारशाला गेले होते, दोन लाडू" असंही सापडलं.) मुलगा रविवारी ते आकडे ॲपमध्ये चढवी. आमच्या डॉक्टरांना आठवड्याच्या आठवड्याला चित्र दिसे, दोनदा औषध बदललं. मेअखेर एचबीए१सी ७.४. मांडीचे व्यायामही बऱ्यापैकी झाले.

एका ठिकाणी मात्र ॲप घसरलं असतं. त्यात मधुमेहाच्या गोळ्यांसाठी एकच सरसकट आठवण होती: ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घेऊ नका. बाईंना तीन महिन्यांत जी नवी गोळी सुरू झाली होती ती जोडगोळी होती, मेटफॉर्मिनसोबत डापाग्लिफ्लोझिन. हे दुसरं औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गटातलं. उपाशी राहणं आणि शस्त्रक्रियेचा ताण यांत या गटाच्या औषधांनी रक्तात आम्ल वाढू शकतं, तेही साखर फारशी चढलेली नसताना, त्यामुळे चटकन कळत नाही. म्हणून ते निदान तीन दिवस आधी थांबवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात तसं घालायला लावलं. भरतीच्या पाच दिवस आधी आमच्या नर्सने "घरात आहेत त्या सगळ्या पाकिटांचा फोटो पाठवा" म्हणून सांगितलं, फोटोत ते पाकीट दिसलं आणि तिने भूलतज्ज्ञांना विचारलं. जोडगोळी थांबवून नुसती मेटफॉर्मिन दिली. ॲपमधल्या औषधांच्या यादीत तिथे एवढंच होतं: "शुगरची गोळी, १".

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. चौथ्या दिवशी डिस्चार्ज. त्या दिवशी गुडघा ७० अंश वाकत होता, सरळ करताना ५ अंश कमी पडत होते. चौथ्या दिवसासाठी छान.

डिस्चार्जच्या टेबलावर मी विचारलं, "ॲप कोणाच्या फोनवर राहणार?"

"माझ्याच," मुलगा म्हणाला. "आईकडे बटणांचा फोन आहे."

मी खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तिथे झाला, आणि निर्णय होतोय हे आम्हा कोणालाच कळलं नाही. साखरेच्या वेळी हीच व्यवस्था तीन महिने सुरळीत चालली होती ना! पण आठवडाभर शिळी साखर चालते. दुखणं शिळं चालत नाही.

अडचण

पाचव्या ते अकराव्या दिवसापर्यंत बाईंची नोंद रोज आली. दुखणं ३, जखम कोरडी, ताप नाही, व्यायाम केला. सात दिवस, एकही खाडा नाही. सगळं हिरवं. आमच्या साप्ताहिक बैठकीत नियमित रुग्णांची जी यादी वाचली जाते, तिच्यात बाईंचं नाव वरच्या तिघांत होतं.

आठव्या दिवशी ७,४१२ पावलं.

वॉकर धरून चालणारी, आठ दिवसांपूर्वी गुडघा बदललेली ६८ वर्षांची बाई दिवसाला पाचशे पावलं चालली तरी आम्ही खूश असतो. तो आकडा मी स्वतः पाहिला होता. शेजारी टाळ्या वाजवणारे दोन हात होते, ॲप चांगल्या दिवशी ते दाखवतं. क्षणभर मला बरंही वाटलं. मग दुसऱ्या एका रुग्णाचा लाल दिवा दिसला आणि मी तिकडे वळले.

ती पावलं वेर्ण्याच्या कारखान्यातली होती.

हे कळलं योगायोगाने. टाक्यांच्या पिना काढायला चौदाव्या दिवशी यायचं होतं. ती तारीख पक्की करायला आमच्या स्वागतकक्षातली मुलगी फोन करते. अकराव्या दिवशी ती रजेवर होती, म्हणून मी केला, आणि मुलाचा फोन लागेना म्हणून फाइलवर लिहिलेल्या लँडलाइनवर केला. फोन बाईंनीच उचलला. तो पलंगाशेजारीच असतो.

"कशें आसा, बाई?"

"बरें आसा."

या प्रश्नाला गोव्यात हेच उत्तर असतं, घराचं छप्पर उडालेलं असलं तरी. मी तिथे थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण तारीख सांगून झाल्यावर सवयीने एक नेमका प्रश्न गेला: आज न्हाणीघरात किती वेळा गेलात?

"सकाळी एकदा. आता सून पलंगावरच लघवीचा डबा देते."

पाय कसा ठेवता? "उशीवर. गुडघ्याखाली दोन उशा घेतल्या की बरं वाटतं." गुडघ्याखाली उशी घेऊ नका हे आम्ही डिस्चार्जच्या दिवशी सांगतो, व्हिडिओतही आहे. वाकलेल्या गुडघ्याला आराम पडतो, पण तसाच राहिला तर सांधा त्या स्थितीत आखडतो आणि पुढे पाय सरळच होत नाही. व्हिडिओ पाहिले का? "कसले व्हिडिओ?" घोटे वरखाली करता? "ते हॉस्पिटलात करायचे." आणि मग त्यांनी आपणहून सांगितलं की उजवी पोटरी भरल्यासारखी वाटते, आणि रात्री झोप नाही.

दुखणं दहापैकी किती?

"सात म्हण. रात्री आठ."

नंतर मुलाशी बोलले तेव्हा चित्र पुरं झालं. घरात रेंज नाही. अंगणातल्या फणसाखाली उभं राहिलं तर येते. त्यामुळे व्हिडिओ घरात कधी चाललेच नाहीत. सकाळी बूट घालताना तो आईला विचारी, कशें आसा. ती म्हणे, बरें आसा. बस हायवेला लागली की तो प्रश्नांची उत्तरं भरी. नोंदींच्या वेळा मी मागाहून काढून पाहिल्या: सातही दिवस सकाळी सहा ते साडेसहाच्या मधल्या.

"पण रोज तीनच का?" मी विचारलं.

"मॅडम, शून्य घातलं तर खोटं वाटणार. पाच घातलं तर तुमचा फोन येणार, आणि मी मशीनवर असतो."

त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. आम्ही त्याला फॉर्म भरायला दिला होता, तो त्याने भरला. जखमेचा फोटो त्याने दोनदा रात्री घरी आल्यावर काढला होता, पिवळ्या बल्बखाली, ज्यात सगळीच कातडी लालसर-पिवळी दिसते. ड्रेसिंग सून बदलत होती. दोन दिवसांपासून खालच्या टोकाला टिपूसभर पाणी येतं हे तिला माहीत होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. ॲप तिच्या फोनवर नव्हतं.

समोरचे पर्याय

अकरावा दिवस, दुपारचे बारा, बाहेर जूनचा पाऊस. पोटरी सुजलेली आहे, दुखणं वाढलंय, जखमेला ओल आहे. यातलं प्रत्येक लक्षण निरुपद्रवी असू शकतं. गुडघेबदलानंतर पाय सुजतोच. पण पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही याच आठवड्यांत असतो, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो.

मी सुनेला फोनवर घेतलं. ती ब्लाउज शिवते, घरात टेप होतीच. नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथून १० सेंटीमीटर खाली, दोन्ही पोटऱ्यांचा घेर. उजवी ३७.५, डावी ३४. फरक साडेतीन. गुठळीचा संशय मोजायची जी ठरलेली पद्धत आहे, तीत तीन सेंटीमीटरच्या वरचा फरक धरतात. ऑपरेशनच्या पायात एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण थांबायला आधारही उरत नाही. सगळ्या ॲपमधून त्या आठवड्यात जे मिळालं नाही ते एका शिवणाच्या टेपेने पाच मिनिटांत दिलं.

पर्याय तीन होते. चौदाव्या दिवसापर्यंत थांबायचं. त्यात गुठळी असली तर तीन दिवस जुगार. व्हिडिओ कॉलवर पाहायचं. रेंज फणसाखाली आणि बाई पलंगावर, तेव्हा तो पर्याय बोलण्यापुरताच. किंवा आजच्या आज आणायचं, पावसात, गाडी करून, दीडेक तासांचा रस्ता. जवळच्या आरोग्यकेंद्रात दाखवायचं असं सून म्हणाली, पण पायाची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, लागणार होती आणि जखम ज्यांनी शिवली त्यांनीच पाहिलेली बरी.

ड्युटी डॉक्टरांनी चौथा मार्ग सुचवला: ओल आहे तर अँटिबायोटिक फोनवर लिहून देऊ, दोन दिवसांनी बघू. नियमाने अडत नव्हतं. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आधी तपासलेल्या रुग्णाला पाठपुराव्यात फोनवर औषध देता येतं. पण त्याच तत्त्वांत हेही आहे की फोनवर भागेल की प्रत्यक्षच पाहावं लागेल, हे डॉक्टरने ठरवायचं. सर्जननी तिथेच नाही म्हटलं. कृत्रिम सांध्यावरच्या जखमेला ओल असताना आधी गोळ्या दिल्या, तर आत खरोखर जंतू असले तरी नंतर सांध्यातलं पाणी काढून तपासल्यावर ते उगवत नाहीत. आग तशीच राहते, धूर तेवढा जातो. आणि लवकरच्या संसर्गात सांधा वाचवायचा तर पहिल्या काही आठवड्यांतच उघडून धुवावा लागतो; ते दिवस फुकट जातात.

आम्ही बाईंना त्याच दिवशी बोलावलं.

काय केलं

संध्याकाळी पाचला त्या पोचल्या. वाटेत झाड पडलेलं, ते हटवेपर्यंत गाडी उभी होती. डॉपलरमध्ये गुठळी नव्हती. पाय लोंबता ठेवून बसणं आणि घोटा न हलवणं यांनी आलेली ती सूज होती. जखमेची ओल एका पिनेच्या भोवतीच, पाणी स्वच्छ, आजूबाजूला लाली किंवा ऊब नाही. सर्जननी ड्रेसिंग बदलून ४८ तासांनी पुन्हा पाहायचं ठरवलं, म्हणून बाईंना दोन दिवस ठेवून घेतलं. तेराव्या दिवशी जखम कोरडी झाली. अँटिबायोटिक लागलं नाही.

गुडघ्याचं मात्र नुकसान झालं होतं. ७० वरून ५२ अंश. सरळ होण्यात १४ अंशांची तूट.

त्या दोन दिवसांत आम्ही व्यवस्था मोडून नव्याने बांधली. बाईंना स्मार्टफोन घेऊन द्यावा असं मुलाचं म्हणणं होतं. पैसे द्यायला तो तयार होता. मी नको म्हटलं. दुखऱ्या पायाच्या माणसाला त्याच आठवड्यात नवा फोन शिकवणं म्हणजे दोन ऑपरेशनं एकदम. ॲप सुनेच्या फोनवर हलवलं. व्यायामाचे व्हिडिओ मी वॉर्डात, बाईंच्याच पायावर, त्यांच्याच पलंगावर काढले आणि रुग्णालयातच सुनेच्या फोनमध्ये उतरवून दिले, म्हणजे रेंज असो नसो. ॲपमधल्या व्हिडिओत एक परदेशी तरुण पांढऱ्या टेबलावर पाय हलवतो, बाईंनी तो पाहून "याला काय झालंय?" असं विचारलं होतं.

पावलांची मोजणी बंद केली. मुलाची पावलं हा गोंधळ बाजूला ठेवला तरी ती निरुपयोगीच होती. हळू, वॉकर सरकवत टाकलेलं पाऊल फोनला नीट कळत नाही, आणि फोन अंगावर असावा लागतो. साडीला खिसा नसतो. त्याऐवजी नातीने जुनी पाटी काढली. पलंगापासून वसरीच्या दारापर्यंत एक फेरी, एक रेघ. बाई स्वतः पेन्सिलने रेघा ओढायच्या, पाचवी आडवी. खाली गुडघ्याखालची उशी काढून किती वेळ झोपल्या ते, आणि दुखण्याचा आकडा. तिन्हीसांजेला नात तुळशीला दिवा लावायला अंगणात उतरली की फणसाखालून पाटीचा फोटो पाठवायची. रोज आठच्या आत यायचा. तो कोणी पाहायचा हेही नाव घालून ठरवलं: मी, आणि माझ्या सुटीच्या दिवशी नर्स. आधी हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पडदा सगळ्यांना दिसत होता, म्हणजे तो बघायचं काम कोणाचंच नव्हतं.

साखळीचा एक फिजिओ आठवड्यातून दोनदा घरी जाऊ लागला. भेटीला ७०० रुपये. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि इम्प्लांट स्वस्त झालं, ते चांगलंच झालं. नंतरचा फिजिओ मात्र घरच्यांच्याच खिशातून, आणि बहुतेक घरं तिथेच हात आखडतात. मुलाने दहा भेटींचे पैसे आधीच दिले.

सहाव्या आठवड्यात पुढचा पेच आला. ॲपचं माप म्हणत होतं ९५ अंश. साखळीच्या फिजिओने लांब पट्ट्यांच्या कोनमापकाने मोजलं, ७८. सतरा अंशांचा फरक म्हणजे थट्टा नाही. सपाटीवर चालायला साधारण ६५-७० अंश लागतात, जिना चढायला ८०-८५, खुर्चीतून सरळ उठायला ९० च्या पुढे. तेव्हा ९५ खरं असेल तर बाई मार्गावर आहेत, ७८ खरं असेल तर भूल देऊन गुडघा वाकवून द्यावा लागेल. आणि ते करायचं तर आतला चिवटपणा पक्का होण्याआधी, म्हणजे साधारण बारा आठवड्यांच्या आत.

मी स्वतः गेले. बाईंचा पलंग जुना, मधे खोलगट. फोन नडगीला बांधला की तो फक्त नडगी जमिनीशी किती कललीय ते सांगतो. मांडी आडवी आहे हे तो गृहीत धरतो. त्या पलंगावर मांडीच वर-खाली व्हायची. शिवाय बाई चांगला आकडा यावा म्हणून नितंब उचलत होत्या. जन्मभर मुलांची कॉपी पकडली, आता स्वतःच! हसल्या, पण मापाच्या बाबतीत त्या दिवसापासून आम्ही फोनवर विसंबलो नाही. त्यांना लाकडी बाकावर बसवून मी मोजलं तेव्हा ८० आलं.

सर्जननी आठव्या आठवड्याची तारीख राखून ठेवली. तोवर त्याच माणसाने, त्याच बाकावर, त्याच कोनमापकाने मोजायचं. ९० आले तर तारीख रद्द. पाटीवरच्या फेऱ्या तोवर दिवसाला चाळीसवर गेल्या होत्या. आठव्या आठवड्यात ९२ आले.

निष्पत्ती

बाराव्या आठवड्याला १०६ अंश, सरळ होण्यात ३ अंशांची तूट. ऑक्सफर्डचे गुण ३१. रात्रीची झोप परत आली. तीन पायऱ्या सरळ उतरतात, एका हाताने कठडा धरून. जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही आणि बसू नका असंच आम्ही सांगितलंय, पूजेला खुर्ची. चवथीला त्या माटोळीखाली काठी घेऊन उभ्या होत्या. काठी चालायला कमी आणि "तो सुपारीचा घड डावीकडे" असं दाखवायला जास्त वापरली, असं सून म्हणाली.

सुरुवातीपासून सगळं नीट झालं असतं तर हे दोन-तीन आठवडे लवकर झालं असतं, असा माझा अंदाज. खात्रीने सांगता येणार नाही. मधुमेह आणि जुना वाकलेला पाय यांनीही वेळ खाल्ला असणार.

आज वेगळं काय केलं असतं

डिस्चार्जच्या टेबलावरचा प्रश्न बदलला आहे. "ॲप कोणाच्या फोनवर" असं आता विचारत नाही. दिवसा रुग्णाजवळ कोण असतं, ड्रेसिंग कोण बदलतं, घरात रेंज कुठे येते, हे तीन प्रश्न विचारते, आणि फोन त्या माणसाचा घेते. बऱ्याचदा ती सून असते आणि डिस्चार्जच्या वेळी ती टेबलाशी नसते, कारण ती सामान भरत असते. तिला बोलावून घ्यावं लागतं.

वाईट उत्तरांवर इशारा लावला होता. अशक्य उत्तरांवर आणि न बदलणाऱ्या उत्तरांवर लावायला हवा होता. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात दुखणं वर-खाली होणारच. सात दिवस एकच आकडा येणं हेच लक्षण आहे. आता सलग तीन दिवस सगळी उत्तरं तीच आली की पिवळा दिवा लागतो. पावलं हजाराच्या वर गेली तरी लागतो. त्यावर टाळ्या वाजत नाहीत.

सहकाऱ्यांत एका गोष्टीवर अजून एकमत नाही. सर्जनचं म्हणणं असं की अकराव्या दिवशी गुठळी निघाली नाही, तेव्हा भर पावसात आणायची घाई झाली. आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरांशी आधी बोलता आलं असतं. मला ते पटत नाही. रिकामी निघालेली डॉपलर फुकट गेली असं मी मानत नाही, आणि बाईंना त्या दिवशी आणलं नसतं तर ५२ अंश कळायला आणखी तीन दिवस लागले असते. पण आरोग्यकेंद्राचा नंबर आमच्या फाइलवर नव्हता हे त्यांचं खरं आहे. आता असतो.

जखमेच्या फोटोंचं एक राहून गेलं होतं. मुलाने दुसरा फोटो चुकून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला होता, आणि पुण्याच्या मामांनी हळद लावा म्हणून कळवलं. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. बाई हसल्या नाहीत. फोटो कुठे पाठवायचा, दिवसाउजेडी खिडकीपाशी कसा काढायचा आणि पाठवून झाल्यावर फोनमधून कसा काढून टाकायचा, हे आता लिहून देतो.

राहता राहिली भाषा. ॲपचं मराठी कोणीतरी यंत्राकडून करून घेतलेलं. पहिलाच प्रश्न: "आपल्या वेदनेला दर द्या." बाईंनी तो तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला पहिल्यांदा स्वतः वाचला. "दर? बाजारात विकायचीय का ही वेदना?" मी नऊ पडद्यांची छापील प्रत काढून दिली. पुढच्या खेपेला त्या ती लाल शाईने तपासून घेऊन आल्या, समासात दुरुस्त्या, शेवटी सही. "दर" वर काट मारून लिहिलं होतं, "आज किती दुखतंय?" आम्ही ती प्रत ॲपवाल्या कंपनीला पाठवली. त्यांनी नऊपैकी चार दुरुस्त्या घेतल्या. "दर" अजून तसाच आहे.